उतरताना हात कुणाचा?

मंडळी, सोळावे लागले की मुले गाडीच्या लर्नर्स परमिटचा हट्ट धरतात आणि आई-बाबांच्या पोटात गोळा येतो. आता कुठे कुठे विमान शिकण्याची फर्माईशही ऐकू येते. कायद्याने सोळाव्या वर्षी एकट्याने विमान उडवता येते, सतराव्या वर्षी लायसन्स! म्हणून आम्ही या विषयात थोडे डोके घातले. आम्ही पेशाने केमिस्ट, वैमानिक नव्हे. पण लॅबमध्ये नवख्याच्या हाती प्रथमच तीव्र आम्लाची बाटली देताना आपला हात किती जवळ ठेवावा, हा प्रश्न आम्हांला ओळखीचा आहे.

शिकवण्याच्या विमानात, म्हणजे बहुधा सेस्ना १७२ मध्ये, विद्यार्थी डावीकडे आणि इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसतो. दोघांसमोर स्वतंत्र कंट्रोल्स असतात. खरी कसोटी जमिनीपासूनच्या शेवटच्या वीसेक फुटांत. साधारण ६५ नॉट वेगाने येणाऱ्या विमानाचे नाक हळूहळू उचलून वेग मारायचा, की मागची चाके आधी टेकतात. याला फ्लेअर म्हणतात. नवखा विद्यार्थी नाकासमोरच्या डांबराकडे बघतो, म्हणून त्याला उंचीचा अंदाज येत नाही. नजर धावपट्टीच्या पार टोकाला हवी. कंट्रोल जोरात ओढले की विमान पुन्हा वर जाते, वेग संपतो आणि ते धप्पकन आदळते. घाबरून नाक खाली दाबले तर पुढचे चाक आपटते, पंखाही जमिनीला लागू शकतो. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग एकच: पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचे आणि नव्याने उतरायला यायचे. यात कमीपणा काही नाही.

मग इन्स्ट्रक्टरने हात कधी घालायचा? फार लवकर घातला तर पोरगे काहीच शिकत नाही, उलट कुणीतरी सावरेल याची वाट बघायला लागते. उशीर झाला तर विमान मोडते. म्हणून आधी शब्द, मग हलका हात, आणि अगदी वेळ आली तर "आय हॅव द कंट्रोल्स". त्यावर विद्यार्थ्याने "यू हॅव द कंट्रोल्स" म्हणून सोडायचे, आणि इन्स्ट्रक्टरने पुन्हा एकदा तेच म्हणायचे. दोघांनी एकाच वेळी धरून ठेवणे सर्वांत वाईट, कारण विमान कुणी उतरवले हे कुणालाच कळत नाही!

ही विद्या जुनी आहे. १९१७ साली इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर न ठेवता त्यातून बाहेर कसे पडायचे ते शिकवायचे, आणि कानाशी लावलेल्या नळीतून बोलत राहायचे. पुढे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळवला. १९८५ मध्ये आपल्या सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिल्चर विमान केवळ महिला वैमानिकांसह नेले, तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! पण ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत प्रशिक्षणाची दोन विमाने कोसळली, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या शेजारचा वूस्टरचा विमानतळ टेकडीवर, १००९ फुटांवर आहे. चाके जमिनीला टेकलेली असतात तेव्हा उंचीचा काटा हजारावर! शिवाय तिथले धुके प्रसिद्धच.

सोलोच्या दिवशी इन्स्ट्रक्टर खाली उतरतो. त्याचे वजन गेल्याने विमान भरभर वर चढते आणि उतरताना जास्त तरंगते. हे मुलाला आधी सांगितलेले असावे. त्याच्या लॉगबुकातील सही ९० दिवसच चालते. लायसन्सला किमान ४० तास लागतात (प्रत्यक्षात बहुतेकांना जास्त), त्यांतले किमान २० इन्स्ट्रक्टरसह आणि १० एकट्याने. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पालकांनी इन्स्ट्रक्टरला सरळ विचारावे: तुम्ही कंट्रोल कधी घेता? सोलोसाठी वाऱ्याची आणि धुक्याची तुमची मर्यादा काय? गुळमुळीत उत्तर आले तर आम्ही तरी दुसरीकडे चौकशी करू.

आणखी एक. मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक नसेल, तर ग्रीन कार्ड असले तरी, शिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची मंजुरी लागते. नागरिक असल्यास पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवावा लागतो. कागदपत्रे आधीच काढून ठेवा.