खाते बंद होणार असा मेल आला तर...

पूर्वी सोयाबीन विकले की आडत दुकानात नोटा मोजून घ्यायच्या आणि एसटीत खिशावर हात ठेवून बसायचे. आता पट्टीची रक्कम थेट खात्यावर येते. त्यामुळे खिसेकापूही एसटी सोडून मोबाईलवर आला आहे.

त्याची रीत ठरलेली. ‘तुमचे पेमेंट खाते आज रात्री बंद होईल, केवायसीसाठी खालची लिंक दाबा’ असा मेल येतो. वर बँकेचे बोधचिन्ह, खाली कुण्या व्यवस्थापकाचे नाव. लिंक दाबली की हुबेहूब बँकेचे वाटावे असे पान उघडते. तिथे तुम्ही पासवर्ड, ओटीपी भरता, आणि चोर तोच ओटीपी घेऊन खऱ्या बँकेत शिरतो. याला फिशिंग म्हणतात, म्हणजे गळ टाकून बसणे. ‘आज रात्री’ हे शब्द म्हणजे गळाला लावलेले गांडूळ. तुम्ही कुणाला विचारायच्या आत बोट दाबावे, एवढ्यासाठीच ती घाई असते.

बोधचिन्ह कुणालाही चिकटवता येते, म्हणून पत्ता वाचायला शिका. टपालाच्या पत्त्यात गाव आधी येते आणि जिल्हा शेवटी. लिंकचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा आणि तिथले शेपूट बघा. पीएम किसानचे खरे संकेतस्थळ ‘जीओव्ही डॉट इन’ने संपते. पत्त्यात मधे कुठेतरी ‘पीएमकिसान’ आहे आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’, तर समजा की गाव आपले लिहिले आहे, पण जिल्हा भलताच आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट ठरवून दिले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास सांगितले. मात्र मेल पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा दाखवता येतो, बरं का! म्हणून तो बरोबर दिसला तरी लिंक दाबू नका. पासबुकावर शाखेचा नंबर असतो, त्यावर विचारा.

पीएम किसानचा २ हजारांचा हप्ता यायचा झाला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘यादीत नाव पाहा’ म्हणून एक फाईल फिरते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ही सगळ्यांत वाईट. ती यादी नसतेच, ते ॲप असते. परवानग्या दिल्या की ते तुमचे मेसेज वाचून ओटीपी परस्पर पुढे पाठवते. ‘मी कुणाला ओटीपी सांगितलाच नाही’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत असेलच असे नाही. फाईल सरपंचांच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. त्यांचाच फोन आधी फसलेला असू शकतो. ई-केवायसी करायची तर सरकारी संकेतस्थळावर, पीएम किसानच्या अधिकृत ॲपवर नाहीतर सेवा केंद्रात करा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

बोट दाबले गेलेच, तर? नुसते पान उघडले आणि काही भरले नाही, काही उतरवून घेतले नाही, तर ते बंद करा. बहुधा एवढ्यावर निभावते. पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या फोनवरून लगेच बदला. फाईल बसवली असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका. आणि पैसे गेले असतील तर शेजाऱ्याच्या फोनवरून १९३० लावा, मग बँकेला कळवा. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवतो. ती काढली जाण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या बँकेला ती रोखून धरता येते. जवळ खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक ठेवा. लाजेपोटी मेसेज पुसू नका, तोच पुरावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले की ग्राहकाने गुप्त माहिती स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवल्याचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. पोरगा तालुक्याहून येईपर्यंत थांबणे इथे महागात पडते.

आता थोडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. वित्त आयोगाच्या निधीची देयके सरपंच आणि तुमच्या डिजिटल स्वाक्षरीवर निघतात. ‘स्वाक्षरीची मुदत संपली’ असा मेल आला तर त्यातल्या लिंकवर काही भरू नका, पंचायत समितीत फोन करून खात्री करा. स्वाक्षरीचा टोकन संगणकाला लावून ठेवू नका, त्याचा पिन पाटीवर चिकटवू नका आणि ऑपरेटरकडे दोन्ही टोकन एकत्र देऊन जेवायला जाऊ नका. १९३० हा आकडा मात्र सूचना फलकावर ठळक लिहून लावा.