कुजणारी जाळी: प्रयोग आणि व्यवहार

दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे उल्जिन खेकड्यांसाठी ओळखले जाते. लांब पायांचा, ‘दॅगे’ नावाचा हा खेकडा थंडीच्या दिवसांत तिथल्या बाजारात चढ्या भावाने विकला जातो. तो टिकावा म्हणून नियम कडक आहेत. मादी पकडायला बारमाही बंदी, कवच 9 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर नरही परत पाण्यात सोडायचा आणि उन्हाळ्यात मासेमारीच बंद. मच्छीमाराला हे नियम लागू होतात. दोर तुटून तळाशी गेलेल्या नायलॉनच्या जाळ्याला मात्र कुठलाच कायदा लागू होत नाही. त्यात मादी अडकते, पिल्लेही अडकतात. मेलेल्या खेकड्याच्या वासाने दुसरे प्राणी येतात आणि तेही त्याच जाळ्यात गुंततात. मालक नसलेले जाळे अशी मासेमारी महिनोन्महिने करत राहते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगभर जाळी सुताची, तागाची नाहीतर सणाची असत. ती रोज वाळवावी लागत, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करावी लागत आणि तरीही कुजत. 1950 नंतर नायलॉन आले आणि मच्छीमारांची या कटकटीतून सुटका झाली. धागा बारीक, मजबूत, पाण्यात जवळपास न दिसणारा आणि न कुजणारा. शिवाय नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्यामुळे हरवलेले जाळे सहसा किनाऱ्याला लागत नाही. ते तळाशीच बसते, त्यामुळे कोणाच्या नजरेसही पडत नाही.

हे नुकसान किती मोठे आहे, याचा एक अंदाज 2022 मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सात देशांतील मच्छीमारांच्या मुलाखतींवर तो बेतलेला होता. जगातील मासेमारीच्या साधनांपैकी सुमारे 2 टक्के दरवर्षी समुद्रात हरवतात, असे त्यात दिसले. एकट्या गिलनेट प्रकारच्या, म्हणजे माशाला कल्ल्यापाशी अडकवणाऱ्या जाळ्यांचे हरवलेले क्षेत्रफळ वर्षाला 2,963 चौरस किलोमीटर भरते. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा व्यापतात, तिच्या चौपटीहून हे अधिक आहे. खेकडे-शेवंडांसारख्या प्राण्यांचे वर्षाला हरवणारे सापळे अडीच कोटींहून जास्त आहेत.

यावर उपाय म्हणून कोरियाच्या राष्ट्रीय मत्स्यविज्ञान संस्थेने पॉलिब्युटिलीन सक्सिनेट, म्हणजे पीबीएस, या प्लास्टिकचा धागा तयार केला. त्यात 82 टक्के पीबीएस आणि 18 टक्के पीबीएटी नावाचे दुसरे, अधिक लवचीक प्लास्टिक असते. या दोन्हींच्या रेणूंमध्ये एस्टरचे दुवे असतात. पाणी आणि सूक्ष्मजीवांची विकरे ते दुवे हळूहळू तोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी असे साधे पदार्थ उरतात. कोरियातील प्रयोगांत समुद्रात सुमारे दोन वर्षे राहिल्यावर या धाग्यांवर सूक्ष्मजीवांचे काम दिसू लागले. जाळे वापरात असताना टिकावे आणि हरवल्यावर निकामी व्हावे, हा त्यामागचा हिशेब. 2007 पासून खेकड्याच्या मासेमारीत ही जाळी सरकारी मदतीने वापरात आली.

पण त्यांत मासा किती लागतो?

पिवळ्या क्रोकर माशाच्या जाळ्यांवरचा कोरियन अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष मच्छीमाराला दिलासा देणारे होते. नवा धागा नायलॉनपेक्षा कमकुवत आणि ओला असताना अधिक ताठ होता. तरीही विक्रीयोग्य मोठे मासे दोन्ही जाळ्यांत साधारण सारखेच लागले. नव्या जाळ्यात लहान क्रोकर आणि नको असलेले इतर मासे कमी आले, तो फायदा वेगळाच.

नॉर्वेत मात्र वेगळेच चित्र दिसले. तिथल्या सिंटेफ ओशन या संशोधन संस्थेच्या आणि ट्रॉम्सो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 आणि 2017 च्या हंगामात उत्तर नॉर्वेमध्ये कॉड आणि सेथ या माशांसाठी नायलॉनची आणि कुजणारी अशी दोन्ही प्रकारची गिलनेट जाळी सोडून पाहिली. पहिल्या हंगामात कुजणाऱ्या जाळ्यांत नायलॉनच्या तुलनेत निम्मेच कॉड लागले. दुसऱ्या हंगामात फरक कमी झाला, तरी सुमारे एक चतुर्थांश कॉड कमीच होते. पुढे तशा जाळ्यांचा दीर्घकाळ वापर करून पाहिला, तेव्हा वापर वाढेल तशी ही तफावत वाढत गेली.

या कमी पकडीचे कारण गिलनेटच्या कामाच्या पद्धतीत आहे. वरच्या दोराला तरंगणारे बोये आणि खालच्या दोराला वजने लावलेली ही जाळ्याची भिंत पाण्यात उभी राहते. मासा डोके घालतो, गळा आत जातो आणि मागे फिरताना धागा कल्ल्यामागे अडकतो. त्या क्षणी धाग्याने थोडे ताणले जायचे, पण सैल पडायचे नाही आणि तुटायचेही नाही. धाग्याच्या लवचिकतेत आणि ताठपणात थोडा जरी फरक पडला, तरी धडपडणारा मोठा कॉड निसटतो. नायलॉनने हे काम इतके चोख केले आहे की त्याची बरोबरी साधणे अवघड जाते. नायलॉनची हीच जाळी नॉर्वेच्या समुद्रात हरवतात, तेव्हा तिथले मत्स्य संचालनालय 1980 च्या दशकापासून दरवर्षी मोहीम काढून तळाशी गळ ओढत ती बाहेर काढते. कुजणारी जाळी पुरेशी चांगली झाली, तर त्या मोहिमेचा भार हलका होईल.

सापळ्यांबाबत मात्र प्रश्न सोपा आहे. अलास्कात खेकड्याच्या सापळ्याच्या एका बाजूला भोक ठेवून ते कच्च्या सुती दोऱ्याने शिवायचा नियम बऱ्याच वर्षांपासून आहे. सापळा हरवला की दोरा कुजतो, भोक उघडते आणि आतला खेकडा चालत बाहेर पडतो. सापळ्याच्या लोखंडाला आणि बाकीच्या जाळीला हात लावावा लागत नाही, पकडीतही घट येत नाही. सगळे साधन कुजायलाच हवे असे नाही, हे त्यातून दिसते.

गिलनेटच्या बाबतीत मात्र प्रश्न पैशांचा होतो. कुजणारे जाळे नायलॉनपेक्षा महाग असते आणि नॉर्वेसारख्या ठिकाणी त्यात मासाही कमी लागतो. हा दुहेरी फटका मच्छीमाराने एकट्याने का सोसायचा? कोरियाने किमतीतला फरक सरकारी तिजोरीतून भरून दिला, म्हणून तिथे जाळी किमान पाण्यात उतरली. महाराष्ट्रातही या विचाराशी जवळीक असलेली एक योजना आहे. व्हेल शार्क किंवा समुद्री कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद डिसेंबर 2018 पासून आहे. समुद्राच्या भल्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत एका बोटीवर पडू नये, हे तत्त्व राज्याने त्यातून मान्य केले आहे.

धोकाही आहे. जाळे आपोआप कुजेल या भरवशावर ते बेफिकिरीने टाकून देण्याची सवय लागू शकते. थंड आणि खोल पाण्यात कुजण्याची गती मंद असते, तोवर तेच जाळे मासे मारत राहते. क्रिस विलकॉक्स आणि डेनिस हार्डेस्टी या संशोधकांनी 2016 मध्येच लिहिले की कुजणारी जाळी हा रामबाण उपाय नाही, पण त्यांचा हातभार लागू शकतो.

आज हाती असलेल्या पुराव्यांवरून निष्कर्ष असा निघतो की जिथे पकडीत फरक पडत नाही, तिथे कुजणारी जाळी आणि सुती दोरे लगेच सक्तीचे करता येतील. जिथे फरक पडतो, तिथे भरपाईविना सक्ती केली तर मच्छीमार नायलॉनच वापरत राहील. हरवलेली जाळी शोधून काढण्याचे, जाळ्यांवर मालकाची खूण ठेवण्याचे आणि जुनी जाळी बंदरावर परत घेण्याचे काम या दोन्ही ठिकाणी चालूच ठेवावे लागेल.