बाण आधी तोला, साईट मग लावा

सरडे (ता. फलटण) येथील प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला. शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यात जागतिक विजेती झाली. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या या दोघांकडे पाहून तुमच्या घरातलं पोरगंही धनुष्य मागत असेल. मागू द्या. पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीत पैसा वाया जातो तो बहुधा बाणांत आणि साईटच्या उगाच चाललेल्या फिरवाफिरवीत. म्हणून खरेदीआधी चार गोष्टी समजून घ्या.

हलका म्हणजे चांगला नव्हे

रिकर्व्ह धनुष्याचा ऑलिंपिक पल्ला ७० मीटर. सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटलेला बाण तिथं पोचायला सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर घेतो आणि तेवढ्यात साडेसहा मीटरांहून अधिक खाली येतो. हलका बाण वेगात सुटतो, कमी खाली येतो, हे खरं. पण त्याच जाडीचा हलका बाण वाऱ्यानं जास्त ढळतो. फारच हलका असेल तर धनुष्याचा जोर बाणात न जाता धनुष्यालाच बसतो. कंपाउंड धनुष्याला दर पौंड ओढीमागे किमान ५ ग्रेन वजनाचा बाण हवा, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे ५० पौंडांच्या धनुष्याला २५० ग्रेन, सुमारे १६.२ ग्रॅम. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू देऊ नका.

सोनाराचा काटा वापरा

डझनातला प्रत्येक बाण सोनाराकडे तोलून घ्या. ग्रॅमला १५.४३ ने गुणलं की ग्रेन निघतात. ३०० ग्रेनच्या बाणात ३ ग्रेनचा फरक असला, तर ७० मीटरवर हिशेबाने चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होतं. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटीमीटरचं! मग दोष पोराच्या हाताला कशाला द्यायचा? सारख्या वजनाचे बाण एकत्र ठेवा, वेगळे पडतील ते जवळच्या सरावाला लावा.

बाण बोटावर तोलून समतोलाची जागाही पाहा. खाचेपासून मोजायचं. २८ इंची बाणाचा मध्य १४ इंचांवर. समतोल साडेसतरा इंचांवर आला, तर पुढचा भार साडेबारा टक्के झाला. लक्ष्याच्या बाणाला ११ ते १६ टक्के ठीक समजतात. दांड्याचा ताठपणाही धनुष्याला जुळायला हवा. दांड्यावरचा आकडा लहान, तितका दांडा ताठ. ही निवड प्रशिक्षकाला विचारूनच करा.

साईट कशी लावायची

बाण पक्के झाल्यावरच साईटला हात लावा. आधी १८ मीटर, मग ३०, ५० आणि शेवटी ७०. प्रत्येक पल्ल्यावर सहा-सहा बाण दोन-तीनदा मारायचे आणि घोळक्याचा मध्य पाहायचा. एका चुकार बाणावरून साईट हलवायची नाही. नियम सोपा: बाण जिकडे, पिन तिकडे. घोळका वर लागला तर पिन वर, डावीकडे लागला तर डावीकडे. पल्ला वाढला की पिन खाली येते. प्रत्येक आकडा वहीत लिहून ठेवा. टोक, दांडा किंवा धनुष्याची ओढ बदलली की जुने आकडे बाद, पुन्हा पहिल्यापासून.

पिन इतकी खाली आली की बाण साईटला घासेल, तर धनुष्याची ओढ त्या पल्ल्याला कमी पडते आहे. साईटचा दांडा थोडा आत घेऊन पाहा. तरी जमलं नाही तर पल्ला कमी करा. १८ वर्षांखालील रिकर्व्ह खेळाडूंना ६० मीटरचाच पल्ला असतो. हट्टानं जड धनुष्य दिलं तर पोराचा खांदा जातो.

सरपंचांनी एवढं पाहावं

गायरानात सराव होत असेल तर लक्ष्यामागे उंच मातीचा बांध हवा आणि मागून पायवाट नको. बाण काढायला सगळ्यांनी एकदमच जायचं. कार्बनचा बाण दर वेळी हलकेच वाकवून पाहावा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो मोडून टाका. काटकसर म्हणून तो पुन्हा दोरीला लावू नका, कारण सुटताना फुटला तर हातात घुसतो.