खांद्यावरचा उपविजेता

7 जानेवारी 2020 रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरी किताबाची कुस्ती झाली. नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला 3-2 असं निसटतं हरवलं आणि लगेच त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं. खिलाडूवृत्ती म्हणून त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण त्यात चुकती केलेली उधारीही होती. दोघंही काका पवारांच्या कात्रजच्या तालमीतले, एकाच वस्तादाचे पठ्ठे. पैलवानाची कारकीर्द एकट्याची नसते, ती जोडीची असते, आणि आपली कुस्ती ही गोष्ट गदा देताना विसरते, असं माझं म्हणणं आहे.

व्यावसायिक कुस्तीने, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या रिंगमधल्या खेळाने, ही जोडी उघड मान्य केली. टॅग टीममध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन मल्ल असतात. एक आत लढतो, दुसरा दोरांबाहेर उभा राहतो, हाताला हात लागला की बदली. किताब दोघांच्या नावावर लागतो. 1955 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आशियाई टॅग टीम किताब सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले मानकरी ठरले किंग काँग आणि आपला टायगर जोगिंदर सिंग. हा किंग काँग म्हणजे पुढे दारासिंगांचा प्रतिस्पर्धी म्हणून मुंबईकरांना तोंडपाठ झालेला अगडबंब मल्ल. त्याच महिन्यात एकेरी किताबासाठी तो रिकिडोझान या मल्लाकडून हरला. जोडीने मिळवलेलं त्याला एकट्याला मिळालं नाही. अर्थात असल्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, त्यामुळे यावरून कोण किती बळकट हे सिद्ध होत नाही. पण यशाची वाटणी कशी करायची, याची एक रीत मात्र दिसते.

मातीतल्या कुस्तीत ही जोडी कुठे असते, ते पाहायला देवळाली कॅम्पहून भगूरला जावं. छावणीला खेटून असलेलं हे गाव बाहेरच्यांना सावरकरांचं जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. कुस्तीवाल्यांना ते बलकवडे व्यायामशाळेमुळे ठाऊक आहे. हर्षवर्धन मूळचा अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा, पण मल्ल म्हणून घडला तो इथे. आता गावच्या तालमीची अडचण पाहा. जोर-बैठका एकट्याने मारता येतात, दूध-तूप-बदामाचा खुराक घरून येतो, पण एकेरी पट काढायला समोर पाय लागतो, ढाक मारायला अंग लागतं. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटातला पैलवान शंभर किलोच्या आसपास किंवा वरचा. सत्तर किलोच्या पोराशी रोज लढत धरून त्याची ताकद वाढत नाही, उलट सवयी बिघडतात. आपल्या वजनाचा, आपल्याला पाडू शकेल असा माणूस रोज समोर हवा. असे दोघं-चौघं जिथे एकत्र असतात तिथे पोरं जातात. म्हणून वाटा पुण्या-कोल्हापूरकडे वळतात, हर्षवर्धनचीही तशीच कात्रजकडे वळली. वस्तादाचं नाव मोठं असतंच, पण त्या नावाने जमवलेले भिडू त्याहून मोलाचे.

2020 च्या स्पर्धेत तर हर्षवर्धन-शैलेशच्या जोडीने अगदी टॅग टीमसारखं काम वाटून घेतल्यागत झालं. महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. गादीतून हर्षवर्धन आला, अभिजित कटकेसारख्या माजी विजेत्याला हरवून. मातीतून शैलेश आला. म्हणजे शेवटची कुस्ती लागण्याआधीच गदा कात्रजला जाणार हे नक्की झालं होतं.

इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. एकाच तालमीतले दोघं समोरासमोर आले, तर कुस्ती खरी कशावरून? वस्तादाने आतून ठरवलं नसेल कशावरून? 3-2 हा आकडा तर संशयाला खाद्यच देतो. पण ज्याचा प्रत्येक डाव आपण रोज खाल्ला आहे, त्याच्यावर तो डाव सहज बसत नाही. सहा मिनिटांत गुण कमी निघणं हे अशा ओळखीचं साधं फळ आहे. आणि ओळख प्रत्येक वेळी कुस्ती मंद करते असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातच शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड किताबासाठी भिडले. तेही दोघं काका पवारांचेच. शिवराजने महेंद्रला मिनिटाच्या आत चितपट केलं. घरचं संगनमत असतं, तर भरल्या मैदानात घरच्याच पोराची अशी पाठ कुणी लावून घेतली नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दम संपल्यावर मातीत कुणाच्या हाताला हात लावून बदली होत नाही, तिथे माणूस एकटाच असतो, मग मान एकट्याला का नको? त्या सहा मिनिटांपुरतं हे शंभर टक्के खरं. गदेचे दोन तुकडे करा असं कुणी म्हणत नाही. पण त्या सहा मिनिटांमागची वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर खर्ची पडलेली असतात, आणि तो बहुतेक वेळा उपविजेतासुद्धा नसतो. सरावाला उभा राहून पट खात राहणारा, खुराकाला महाग झालेला, पस्तिशीच्या आत दुखऱ्या गुडघ्याने गावी परतणारा असा कुणी असतो. सरकारी नोकरी मिळते ती पदक आणणाऱ्याला, या भिडूची दखल कुठल्याच कागदावर नसते.

भगूर-देवळालीच्या पंचक्रोशीत जत्रेचे फड अजूनही भरतात. आयोजकांनी एवढंच करावं: शेवटच्या कुस्तीचा इनाम देताना विजेत्याच्या सरावाच्या भिडूलाही नावाने पुकारून आत बोलवावं, आणि इनामातला चौथा हिस्सा त्याच्या हातावर ठेवावा.