गोलरक्षकाची उमेदवारी

मराठवाड्यातील शाळांच्या पटांगणांवर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांचाच अंमल चालत आला असल्यामुळे, पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावरील आमच्या जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी जेव्हा कधी फुटबॉलचा डाव मांडला जातो, तेव्हा गोलाची राखण बहुधा धावण्यात मागे पडणाऱ्या मुलाच्या हवाली होते. ही चाल मला अन्यायाची वाटते. २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा त्या चौकटीची जोखीम जो पत्करतो, त्याचे कसब इतर गड्यांहून उशिरा परिपक्व होते. त्याची चूक मात्र तत्क्षणी गोलाच्या रूपाने सर्वांपुढे उघडी पडते.

या दृष्टीने गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे उदाहरण मननीय आहे. १९५४ साली, पोर्तुगीज अमलात, जन्मलेल्या आणि भाताची कापणी उरकली की रित्या शेतांचीच मैदाने करणाऱ्या मुलखात वाढलेल्या या तरुणाला, विशीच्या सुमारास वास्कोच्या साळगावकर संघाने आपल्या पदरी घेतले, आणि पुढे सुमारे १७ वर्षे तेथील गोल त्यांनी सांभाळला. १९८३ मध्ये भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तिशी गाठली नव्हती; त्याच वर्षी गोव्याला संतोष करंडक बंगालसह संयुक्तपणे आणि पुढच्या वर्षी स्वबळावर मिळाला. अर्जुन पुरस्कार १९९७ चा, पद्मश्री २०२२ ची. एकाच संघाने दीर्घ मुदत विश्वास टाकला नसता, तर हे नाव इतके मोठे झाले असते असे मला वाटत नाही.

प्रारंभीच्या वर्षांत गोलरक्षक शिकतो ते प्रेक्षकांना दिसणाऱ्या झेपेपेक्षा फार सूक्ष्म असते. प्रतिस्पर्धी एकटाच चेंडू घेऊन येऊ लागला, की रेषेवर खिळून न राहता दोन पावले पुढे सरकावे, म्हणजे त्याच्या दृष्टीला गोल आक्रसतो. छातीच्या उंचीचा चेंडू घेताना दोन्ही आंगठे जवळ आणून पंजे त्याच्या पाठीमागे धरावे, म्हणजे तो निसटला तरी पुढेच पडतो. पण पुढे केव्हा सरकावे, हा निर्णय कोणत्याही पुस्तकातून येत नाही. तो शेकडो गोल खाल्ल्यावरच अंगी बाणतो.

रशियाच्या लेव याशिन यांनाही ही उमेदवारी चुकली नाही. डायनॅमो मॉस्कोतर्फे खेळताना आरंभीच त्यांनी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने दुरून मारलेल्या चेंडूवर गोल स्वीकारला, आणि त्यानंतर संघातील अनुभवी गोलरक्षक खोमिच यांच्या पाठीमागे काही वर्षे त्यांना वाट पाहावी लागली. त्या काळात ते बर्फावरील हॉकीतही गोल राखत. पुढे १९६३ साली युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान त्यांना मिळाला, जो त्यांच्याखेरीज आजवर कोणाही गोलरक्षकाच्या वाट्याला आलेला नाही.

म्हणून आमच्या तालुक्यातील क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, की गोलाची जागा कोणावर लादू नये. ती मनापासून मागणारा मुलगा किंवा मुलगी निवडून, दोन-चार सामने हरले तरी तीन वर्षे ती बदलू नये, आणि झेप शिकवण्यापूर्वी गोलापुढची आपली कठीण काळी जमीन खणून भुसभुशीत करून घ्यावी.