शेक आणि अंगातली ताकद

आमच्या भागात किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. कर्करोगाचे नाव तर कोणी घेतच नाही. ‘मोठे दुखणे’ एवढेच म्हणायचे. माझ्या आत्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि शेक सुरू झाला, तेव्हा घरात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटीच असल्यामुळे दवाखान्याची फाईल माझ्याकडे आली. तिसऱ्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी भरल्या. लगेच येणारे-जाणारे सांगू लागले, “शेकाने अंगातली ताकद जाते. आता पुरे करा, घरी आणा.” मी कलाशाखेची विद्यार्थिनी, माझा विषय मराठी. तरीही या सांगण्यात खरे किती आणि खोटे किती, हे समजून घेणे मला भाग पडले. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे उमगले, ते येथे मांडते.

या कर्करोगाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध शेकाच्या पुष्कळ आधी सुरू होतो. रोगाचे मूळ म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू असंख्य स्त्रियांच्या शरीरात शिरतो आणि बहुतेकींची प्रतिकारशक्ती त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावते. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि बऱ्याच वर्षांनी तेथे कर्करोग उभा राहतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या स्त्रियांना हा रोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, हे यासाठी ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता शेकाकडे वळू. बाहेरून द्यायचा शेक साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, पाचेक आठवडे चालतो. एकूण मात्रा ४५ ते ५० ग्रे. ग्रे हे किरणांचे माप. पुढे आतून शेक देतात. जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाईनमधून देतात. किरणांमुळे पेशीच्या केंद्रातील डीएनए तुटतो. कर्करोगाची पेशी बहुधा पुढे विभागायला जाते तेव्हा मरते. पण रक्तातील लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी फारच नाजूक. त्या विभागण्याची वाटही पाहत नाहीत. एका दिवसाच्या मात्रेएवढे, म्हणजे दोनेक ग्रे किरणही त्यांतल्या अनेकींना पुरे होतात. विषाणू ओळखणाऱ्या आणि बिघडलेली पेशी मारणाऱ्या पेशी नेमक्या याच जातीच्या आहेत!

दुखणे ओटीपोटात असताना साऱ्या अंगाचे रक्त का उतरावे, हा प्रश्न मला पडला होता. एक तर रक्त थांबून राहत नाही. शेक चालू असताना ते ओटीपोटातून वाहतच असते आणि रोज त्याचा काही भाग किरणांखाली सापडतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मुख्यतः धडाच्या हाडांत असते आणि तिचा मोठा वाटा कमरेच्या हाडांत व पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात असतो. म्हणजे शिपाई मरतात आणि शिपाई घडवणारा कारखानाही होरपळतो. इतर पांढऱ्या पेशी शेक संपल्यावर त्या मानाने लवकर सावरतात. लिंफोसाइटना मात्र महिनोन् महिने लागतात, काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक. ज्या रुग्णांचा हा आकडा फारच खाली जातो त्यांची प्रकृती पुढे तितकी चांगली राहत नाही, असेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा गावातली माणसे अगदीच निराधार बोलत नव्हती.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि मला तीच अधिक नवलाची वाटली. कर्करोगाच्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवून लपलेल्या असतात. किरणांनी त्या फुटल्या की आतला माल बाहेर पडतो. चोर पकडला गेला की मुद्देमाल उघडा पडावा, तसा प्रकार होतो आणि पहारेकरी जागे होतात. क्वचित एका जागी शेक दिल्यावर दूरची गाठही ओसरते. या परिणामाला मोल या शास्त्रज्ञाने १९५३ साली ‘ॲबस्कोपल’ असे नाव दिले. याच धाग्याने पुढे जाऊन प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध शेक व सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला देऊन पाहण्यात आले आणि वाढलेल्या रोगासाठी अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र आमच्यासारख्या घरांनी विचारूही नये अशी आहे.

मग ‘पुरे करा’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे? माझ्या मते सर्वांत चोख उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिले आहे. तेथे रोग बराच पसरलेल्या ८५० स्त्रियांपैकी निम्म्यांना नुसता शेक आणि निम्म्यांना शेकासोबत सिस्प्लॅटिन देण्यात आले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण नुसत्या शेकाच्या गटात सुमारे ४४ टक्के, तर सिस्प्लॅटिनच्या गटात ५२ टक्के होते. सिस्प्लॅटिन रक्तातल्या पेशी आणखी उतरवते, तरीही त्या गटातल्या बायका अधिक जगल्या. उलट उपचार लांबले, मध्येच सुटले, तर उरलेल्या कर्करोगपेशींना पुन्हा वाढायला उसंत मिळते. म्हणून बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक आठ आठवड्यांच्या आत आटोपावा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. पेशी फार उतरल्या तर त्या आठवड्याचे सिस्प्लॅटिन ते चुकवतात, शेक सहसा चालू ठेवतात. दर आठवड्याला रक्त काढतात ते एवढ्यासाठीच. ‘सारखे रक्त काढून बाई वाळवली’ ही तक्रार आमच्याकडेही झाली होती. त्या दोन चमचे रक्ताने कोणी वाळत नाही.

जाता जाता ताटवाटीविषयी. बाहेरून शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत, आणि तिच्या ताटात जेवून कोणाला कर्करोगही होत नाही. तिची भांडी वेगळी मांडण्याचे काही कारण नाही. जपायचे ते आपल्यापासून तिला. सर्दी-खोकला असलेल्याने तिच्या उशाशी बसू नये, पाणी उकळून द्यावे, आणि ताप १००.४ अंशांवर गेला तर काढा पाजत रात्र न काढता तिला त्याच वेळी दवाखान्यात न्यावे.