देव्हाऱ्यातला कंपनीचा आणा

इंदूरच्या राजेंद्र नगरातील मराठी घरांत, देव्हाऱ्यातल्या जुन्या नाण्यांच्या डबीत, एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण व हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 'हाफ आणा' ही अक्षरे व १८१८ हा सन असे एखादे जाडजूड तांब्याचे नाणे निघाले, की त्याचे मोल लाखांवर आहे ही वार्ता पसरण्यास वेळ लागत नाही. "अहो, खुद्द कंपनी सरकारचा सिक्का आहे," हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या निःशंक स्वरात ऐकले आहे, की त्याचे सविस्तर निराकरण करणे आता प्राप्तच झाले.

हे नाणे कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत पडलेले नाही; पूजेसाठी व विक्रीसाठी खासगी कारागिरांनी नंतरच्या काळात पाडलेली ती मुद्रा आहे. कंपनीने देवप्रतिमा कधी वापरल्याच नाहीत असे मात्र नव्हे: मद्रासच्या टांकसाळीतील पगोडा नाण्यांवर गोपूर व विष्णू आहेत. परंतु रामदरबाराचा अर्धा आणा कंपनीच्या नाण्यांच्या प्रमाणभूत सूचींत कोठेही नाही. याच जातीची १६१६ सनाची नाणीही अभिमानाने दाखविली जातात. त्या साली सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारी व्यापाराच्या सवलती मागत होता, आणि मुंबई बेट कंपनीच्या हाती येण्यास अजून ५२ वर्षे अवकाश होता. मग हा इंग्रजी आणा कोणत्या अंमलात, कोणाच्या फर्मानाने पडला, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही!

१८१८ सालाविषयी तर इंदूरकरांना निराळा पुरावा शोधावयास नको. महिदपूरची लढाई होऊन त्या वर्षीच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. मल्हारनगरच्या, म्हणजे इथल्याच, टांकसाळीच्या त्या काळच्या रुपयावर लेख फार्सी आणि नाव शाहआलम बादशहाचे, जो १८०६ सालीच वारला होता. अहिल्याबाईंच्या महेश्वरी रुपयावर बेलपत्र व शिवलिंग आहे, पण लेख तेथेही फार्सीच. शिवाय १७९५ मध्ये बाईंचे निधन झाल्यावरही ती चिन्हे चालू राहिल्याने केवळ बेलपत्रावरून नाणे त्यांच्या हयातीतले ठरत नाही. माझा खरा उद्वेग येथे आहे: इंग्रजी अक्षरांचा बनावट आणा मखमलीत जपला जातो, आणि त्याच डबीतला अस्सल होळकरी रुपया, त्यावरचे फार्सी कोणास वाचता येत नाही एवढ्याच कारणाने, सराफ्यात चांदीच्या वजनावर मोडीत जातो.

उरलेल्या समजुतींस फार जागा देण्याचे कारण नाही. जितके जुने तितके महाग, हे खोटे आहे: १८६२ सनाचा राणीचा रुपया त्याच सनाने १८७४ पर्यंत पाडला गेल्याने विपुल आहे, उलट सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया अत्यंत दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात फार. जॉर्जचे सारे रुपये उत्तम चांदीचे, हेही खरे नाही, ११.६६ ग्रॅमच्या रुपयात १९४० पासून चांदी निम्मीच राहिली आणि १९४७चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा आहे. तांदूळ ओढणारे नाणे ही शुद्ध फसवणूक होय. जुनी नाणी व नोटा रिझर्व्ह बँक विकत घेते, असे सांगून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांविषयी त्याच बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. चिंचेने घासून नाणे लखलखीत केल्यास त्याची किंमत वाढत नाही, घटते. आणि शंभर वर्षांवरील नाणे परदेशी असलेल्या मुलाकडे भेट म्हणून पाठविण्यास आडकाठी नाही, असे समजणाऱ्यांनी १९७२चा पुरावशेष कायदा आधी वाचावा. परवानगीवाचून अशी निर्यात हा गुन्हा आहे.